सतरा महिने, अकरा डब्या, चार माणसं: घरच्या ग्लुकोमीटरचा अनुभव

वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी बत्तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो. हातात मायक्रोमीटर, समोर टर्निंगहून आलेले जॉब, आणि दिवसभर दोनच शब्द: पास किंवा रिजेक्ट. त्यामुळे घरात साखर मोजायचं यंत्र आणायची वेळ आली तेव्हा पडदा केवढा आहे, रंग कुठला आहे, हे मी पाहिलंच नाही. हे खरं माप सांगतं का, एवढंच मला बघायचं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे लिहितोय ते बाजारातल्या बहुतेक सगळ्या ग्लुकोमीटरना लागू पडेल, आणि नाव बघून यंत्र घेण्यापेक्षा यंत्र कसं वापरायचं हे कळणं जास्त गरजेचं आहे.

घेतलं मे २०२४ च्या शेवटी, वर्तकनगर नाक्याजवळच्या मेडिकलमधून, १,१५० रुपयांना. डब्यात यंत्र, टोचायचं पेन, दहा सुया आणि पंचवीस पट्ट्या. त्याच्या आठच दिवस आधी माझा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आला होता आणि मधुमेह निघाला होता: उपाशीपोटी १८२ (एक डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम), जेवणानंतर दोन तासांनी २६८, आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.९ टक्के.

खरं म्हणजे शरीर आठ-नऊ महिने सांगत होतं. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठायचो. म्हटलं, साठी आली, प्रोस्टेट असेल. सारखी तहान लागायची. म्हटलं, ठाण्याचा उकाडा. चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत दोनदा बदलला. वजन ६९ वरून ६४ वर आलं, तर शेजारीपाजारी म्हणायचे, ‘रिटायर होऊन छान बारीक झालात.’ चपलेने अंगठ्याला लागलं होतं, ती जखम महिना झाला तरी ओली. या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे वेगळं कारण तयार होतं. कारखान्यात एकाच जॉबवर पाच मापं बाहेर गेली असती, तर मी पाच कारणं शोधत बसलो नसतो, आधी मशीन थांबवलं असतं. स्वतःच्या बाबतीत ते सुचलं नाही, याची खंत अजून आहे.

नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा सगळे धागे जुळले. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती पूर्ण परत शोषून घेता येत नाही. मग ती लघवीत उतरते आणि उतरताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी, म्हणून तहान. पेशींपर्यंत साखर पोचत नाही म्हणून अंग उपाशी राहतं, थकवा येतो, वजन उतरतं. डोळ्याच्या भिंगातलं पाणी कमी-जास्त होतं म्हणून नंबर हलतो. साखर आटोक्यात आल्यावर माझा नंबर परत जवळजवळ जुना झाला आणि दोन हजारांचा नवा चष्मा कपाटात गेला. कुणाची साखर नुकतीच वाढलेली निघाली असेल, तर ती स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका.

आता यंत्राकडे येतो. पट्टी बघितलीत का कधी नीट? नखाएवढ्या रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी, टोकाला केसासारखी बारीक फट. बोटावरचा थेंब त्या फटीला लावला की रक्त आपोआप आत खेचलं जातं, वात तेल ओढते तसं. वरून थेंब टाकायचा नाही, कडेला लावायचा. मला हे समजेपर्यंत चार पट्ट्या गेल्या. आत एन्झाइमचा पातळ थर असतो. तो रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया करतो आणि त्यातून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. यंत्र साखर बघत नाही, हा प्रवाह मोजतं आणि त्याचा आकडा करून दाखवतं. पाच सेकंद लागतात.

पहिल्याच रविवारी मी याची परीक्षा घेतली. एकाच बोटाच्या रक्तावर लागोपाठ पाच पट्ट्या लावल्या. आकडे आले १४८, १५५, १४३, १५१, १६०. सतराचा फरक! आमच्याकडे शाफ्टला ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नसे. मी यंत्र डब्यात घालून परत करायला निघालो होतो. सौ. म्हणाली, ‘अहो, आधी डॉक्टरांना तर विचारा.’ डॉक्टरांनी सांगितलं की घरच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे, साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर लॅबच्या तुलनेत १५ टक्के इकडेतिकडे चालतं, १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅम, आणि शंभरातले किमान ९५ आकडे या मर्यादेत बसले पाहिजेत. म्हणजे खरी साखर २०० असेल तर यंत्र १७० ही दाखवू शकतं आणि २३० ही.

मग एकदा लॅबमध्ये दंडातून रक्त दिलं आणि तिथेच बाकावर बसून बोटाचंही बघितलं. लॅब १३९, यंत्र १४७. फरक पावणेसहा टक्के. पास.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. १३९ आणि १४७ यांच्यात मी काही वेगळं करणार नाही. ९० आणि १४७ मध्ये करीन, १४७ आणि २६० मध्ये नक्कीच करीन. या कामासाठी हे माप पुरेसं आहे. पण आजार आहे की नाही हे या यंत्रावर ठरवायचं नाही. ते काम लॅबचं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॅब म्हणजे स्लिप गेज, बाकीची मापं ज्यावर ताडून बघतात तो अचूक ठोकळा, आणि हे यंत्र म्हणजे मशीनवरच्या माणसाच्या हातातलं व्हर्निअर. रोज लागतं व्हर्निअरच, पण वाद झाला की निकाल स्लिप गेजचा.

आणि व्हर्निअर कोणाच्या हातात आहे यावर बरंच अवलंबून असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी चार वाजता सौ. पायरीचा रस काढत होती. मी आंबे पिळायला मदत केली, रस एक थेंबही चाखला नाही. हात पंचाला पुसले, आणि सहज म्हणून टोचलं. ३१२! छातीत धस्स झालं. जेवण बारा वाजता झालेलं, त्यात फक्त भाकरी आणि मेथीची भाजी. पाच मिनिटं तसाच बसलो. मग उठून साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १४४. बोटावर राहिलेला आंब्याचा रस यंत्राने इमानदारीने मोजला होता. त्या ३१२ वर घाबरून मी गोळी वाढवली असती तर? म्हणून हात धुतल्याशिवाय आमच्या घरात कोणी टोचत नाही. सॅनिटायझरवर भागवायचं नाही, साबण आणि पाणीच हवं. आणि हात ओले ठेवायचे नाहीत, पाण्याने थेंब पातळ होतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. मध्यावर दुखतं जास्त. बोट जोरात पिळायचं नाही. हात खाली सोडून थोडा झटकला की थेंब येतो.

दोष सांगतो. टोचायच्या पेनाची स्प्रिंग नवव्या महिन्यात ढिली झाली. कंपनीने बदलून दिलं नाही, नवीन २८० रुपयांना घेतलं. पडद्याला दिवा नाही, म्हणजे रात्री तीन वाजता घाम फुटून उठलात तर आधी ट्यूब लावा. बॅटरी बदलली की तारीख-वेळ पुसली जाते आणि जुने आकडे कुठल्या दिवसाचे हे कळेनासं होतं, म्हणून मी वही ठेवली आहे. यंत्र तपासायला ठरावीक साखरेचं द्रावण मिळतं, कंट्रोल सोल्यूशन म्हणतात त्याला. ते मात्र मेडिकलमध्ये मागितलं की दुकानदार तोंडाकडे बघतो. मापाचं साधन विकायचं आणि ते तपासायचं साधन दुकानात ठेवायचं नाही, हे मला पटत नाही.

आणि पट्ट्यांची किंमत. पन्नासची डबी ९५० रुपये, एक पट्टी १९ रुपयांना पडते. सतरा महिन्यांत अकरा डब्या झाल्या. यंत्र स्वस्त आहे, खर्च पट्ट्यांचा. घेताना यंत्राची किंमत विचारू नका, पट्टीची विचारा, आणि ती घराजवळ कायम मिळते का ते बघा. एका दुकानात मला दीड महिन्यात मुदत संपणारी डबी दिली होती, तेव्हापासून तारीख बघितल्याशिवाय पैसे देत नाही. डबी उघडल्यावर किती महिने चालेल हेही त्यावर छापलेलं असतं. उघडल्याची तारीख पेनने डबीवरच लिहून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर झाकण घट्ट बसलंच पाहिजे. जुलैत एकदा डबी रात्रभर उघडी राहिली आणि पुढचे दोन दिवस आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटेना. उरलेल्या चौदा पट्ट्या टाकल्या. जीव तुटला, पण टाकल्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

जानेवारी २०२५. संक्रांतीनंतरच्या रविवारी घरी हळदीकुंकू होतं. ऐरोलीहून धाकटी बहीण आली, बरोबर भाचा, वय अकरा. महिनाभर तो बारीक होत चालला होता. आल्या आल्या त्याने फ्रिजमधली लिटरची बाटली तोंडाला लावली आणि संपवली. अर्ध्या तासात दुसरी. बहीण स्वयंपाकघरात हलक्या आवाजात सौ.ला सांगत होती की एवढा मोठा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय, परीक्षेचं टेन्शन घेतलंय बहुतेक. दोन दिवस पोट दुखतंय, उलट्या होतायत, डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध दिलंय.

तो माझ्या शेजारी कॉटवर येऊन पडला. श्वास भरभर चालला होता, आणि तोंडाला वास येत होता. पिकून उतरलेल्या फळाचा येतो ना, तसा. मी म्हटलं, ‘दे रे बोट.’ ‘मामा, दुखेल?’ ‘मुंगी चावल्यासारखं.’ साबणाने त्याचा हात मीच धुतला, नवी सुई लावली. पाच सेकंद झाली आणि पडद्यावर आकडाच आला नाही. ‘हाय’ अशी दोन इंग्रजी अक्षरं. म्हणजे यंत्राच्या मापाबाहेर, ६०० च्या वर. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत हात धुतला, दुसरं बोट. पुन्हा ‘हाय’.

बाहेर बायका उखाणे घेत होत्या. आम्ही रिक्षा केली आणि निघालो.

चार दिवस तो आयसीयूत होता. सलाईन, थेंबाथेंबाने इन्सुलिन, तासातासाला रक्त. डायबेटिक कीटोॲसिडोसिस. शरीरात इन्सुलिन नाही म्हणून पेशींना साखर मिळत नाही, मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून आम्लं साठतात. तो वास, तो श्वास, त्या उलट्या, सगळं त्याचंच. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर बेशुद्धीत आणावा लागला असता.

बहीण सारखी एकच म्हणत होती, ‘दादा, मीच त्याला चॉकलेटं देत होते रे.’ वॉर्डातल्या मधुमेह शिकवणाऱ्या बाईंनी तिला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की याचा चॉकलेटशी काहीही संबंध नाही. स्वादुपिंडात बीटा पेशी असतात, इन्सुलिन त्या बनवतात. त्याच्या शरीराच्या संरक्षण यंत्रणेने त्याच पेशींना शत्रू समजून मारून टाकलं. हा टाइप १. बहुतेक वेळा लहान वयात किंवा तरुणपणी दिसतो, पण कुठल्याही वयात होऊ शकतो, आणि लक्षणं काही आठवड्यांत झपाट्याने येतात. इन्सुलिन बाहेरून घ्यायचं, रोज, कायमचं. गोळीतून देता येत नाही, कारण ते प्रथिन आहे, पोटात पचून जातं. हे ऐकून बहीण पहिल्यांदा नीट रडली. आपल्या समाजात या आयांना केवढा दोष दिला जातो! ‘लाडावून ठेवलं’, ‘गोड फार दिलं’. हे बोलणाऱ्यांनी एकदा त्या वॉर्डात जाऊन बसावं.

त्या बाईंनी भाच्याला एक गोष्ट सांगितली, ती त्याने पाठ केली आहे. १९२१ साली कॅनडात टोरांटोला बॅंटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून अर्क काढला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याच्या आधी हा आजार झालेल्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे थोडे महिने जास्त जगतील. भाचा म्हणतो, ‘मामा, तो माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा होता.’ बॅंटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्या दिवशी बालदिन. त्याला या योगायोगाचं फार अप्रूप आहे.

माझा आजार वेगळा. नाव एक, यंत्रावरचा आकडाही कधीकधी सारखाच, पण गोष्ट निराळी. मी हे कारखान्याच्या हिशेबाने समजून घेतलं. इन्सुलिन म्हणजे ट्रकमधला माल गोदामात उतरवणारा हमाल. भाच्याकडे हमालच उरले नाहीत. माल रस्त्यावर आणि गोदाम रिकामं. माझ्याकडे हमाल होते, पण गोदामाची शटरं गंजलेली, चटकन उघडत नाहीत. मग मुकादम म्हणजे स्वादुपिंड जास्त हमाल पाठवतं, ओव्हरटाइम करतं. अशी कित्येक वर्षं जातात, रिपोर्टमध्ये काही दिसत नाही. शेवटी तेही थकतं आणि मग साखर वर चढते. हा टाइप २. हळूहळू येतो, म्हणून मला प्रोस्टेट आणि उकाडा अशी कारणं सापडत राहिली. वडिलांना होता. रिटायर झाल्यावर बसणं वाढलं. कमर ३८ इंच झाली होती.

मला वाटायचं, मी काही जाड नाही, मला कसा होईल? डॉक्टरांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. आपली माणसं काट्यावर बारीक दिसतात आणि चरबी पोटात धरून ठेवतात. वजनकाटा पास करतो आणि टेप रिजेक्ट करते. इन्स्पेक्शनच्या माणसाला याहून चांगला धडा मिळणार नाही: चुकीचं माप घेतलं तर बरोबर साधनही फसवतं.

सूनबाईला फेब्रुवारीत सहावा महिना होता. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं, दोन तासांनी रक्त घेतलं. १५८ आली. आपल्याकडे गरोदरपणात या तपासणीत १४० आणि वर गेलं की गर्भावस्थेतला मधुमेह धरतात. पोरगी घाबरली. ‘बाबा, बाळाला होईल का?’ वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत, आणि काही जणींचं स्वादुपिंड तेवढा जादा भार उचलू शकत नाही. साखर चढी राहिली तर बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, बाळंतपण अवघड होतं, आणि जन्मल्यावर बाळाचीच साखर एकदम उतरू शकते. तिला लक्ष्य दिलं होतं: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. दिवसातून चार वेळा टोचायची. तीन डब्या तिच्यावर गेल्या आणि मला एकाही पट्टीचं वाईट वाटलं नाही. कांदेपोह्यांवर १५१ आलं, मुगाच्या धिरड्यावर ११४. पोहे बंद नाही केले, अर्धे केले आणि बरोबर मोड आलेली मटकी.

तिच्याच बाबतीत यंत्र एकदा मापाबाहेर गेलं. लॅबमध्ये १०४ आणि यंत्रावर १२१. सोळा टक्क्यांहून जास्त फरक, माझ्या हिशेबी रिजेक्ट. डॉक्टरांनी तिचं हिमोग्लोबिन बघितलं: ८.६. रक्तातल्या लाल पेशी कमी असतील तर अशी यंत्रं साखर खरी असेल त्याहून जास्त दाखवतात. यंत्राची चूक नव्हती, जॉबच वेगळा होता. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. अशा वेळी घरच्या आकड्यावर डोस बदलू नका.

जूनमध्ये नात झाली. दोन किलो नऊशे. सहा आठवड्यांनी सूनबाईची पुन्हा तपासणी झाली, साखर नॉर्मल. पण पुढे टाइप २ होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, म्हणून दरवर्षी बघायला सांगितलं आहे. तारीख मी माझ्याच वहीत लिहिली आहे, कारण लहान बाळाच्या आईला स्वतःचं काही लक्षात राहत नाही.

सौ.ने एकदा सगळ्यांचं बघून झाल्यावर स्वतःचं बोट पुढे केलं. उपाशीपोटी ११८. मी लगेच लॅबला नेलं. तिथे १०९, एचबीए१सी ५.९. मधुमेह नाही, उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ झालं की मधुमेह म्हणतात. पण उंबरठ्यावर. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, इंडियाब अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असा अंदाज आहे. त्या १३.६ कोटींतली एक माझ्यासमोर पोळ्या लाटत होती आणि तिला एकही लक्षण नव्हतं. आता रात्री जेवण झालं की आम्ही दोघं उपवन तलावाला पंचवीस मिनिटं चालतो. चाललो त्या दिवशी आणि नाही चाललो त्या दिवशी माझ्या आकड्यात तीसेक अंकांचा फरक पडतो. वहीत सलग दोन आठवडे लिहून बघितलं आहे.

वहीचं अजून एक. आषाढीला आयुष्यभर उपवास केला. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा लाडू. गेल्या वर्षी दोन तासांनी मोजलं, २४१. त्याच आठवड्यात ज्वारीची भाकरी, पिठलं आणि काकडीवर १५८. कोणी सांगितलं असतं तर वाद घातला असता. स्वतःच्या बोटातून आलेल्या आकड्याशी कसा घालणार? यंदा वरीचे तांदूळ थोडे, दाण्याची आमटी आणि ताक असा उपवास केला. विठ्ठलाला चाललं असणार. हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. म्हणून तर मोजायचं. माझा एचबीए१सी ८.९ वरून ६.८ वर आला तो गोळ्या, चालणं आणि ताट बदलल्याने. पण ताटात काय बदलायचं हे यंत्राने दाखवलं.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय थांबवत नाही.

यंत्र घरात एक चालेल, पण टोचायचं पेन प्रत्येकाचं वेगळं हवं आणि सुई दर वेळी नवी. सुई बदलली तरी पेनाच्या टोकावर रक्ताचा अंश राहतो, आणि त्यातून कावीळ बी सारखे आजार पसरू शकतात. आमच्याकडे चार पेनं आहेत, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी.

आणि वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. सकाळी आपल्या सोसायटीत कचरा वेगळा करणाऱ्या ताई उघड्या हाताने तो चिवडतात. मी फिनेलची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली ठेवली आहे. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून लॅबमध्ये देतो, ते त्यांच्या वैद्यकीय कचऱ्यात टाकतात. तुमच्या लॅबला विचारा. नाही म्हणाले तर दुसरीला विचारा.

घ्यावं का? मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर डोळे झाकून घ्या. साखर ७० च्या खाली गेली आहे का हे रात्री-अपरात्री घरी कळायला याहून सोपा आणि स्वस्त मार्ग नाही. भाचा एकदा आमच्याकडे खाली क्रिकेट खेळून आला, हात थरथरत होते, कपाळाला घाम. ५८. तीन चमचे साखर पाण्यात दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, ८४. मग पोळीभाजी. नुसत्या आहारावर असाल तर रोज टोचायची गरज नाही, डॉक्टरांना विचारून आठवड्याचं वेळापत्रक करा. आणि आजार आहे का हे बघायला म्हणून यंत्र घेणार असाल तर ते पैसे लॅबला द्या.

दिवा नसलेला पडदा आणि पट्टीची किंमत यांचा एक तारा कापून पाचपैकी चार.

आता डबीत अकरा पट्ट्या उरल्या आहेत. भाच्याच्या दंडावर हल्ली सतत साखर मोजणारा सेन्सर असतो, मोबाइलवरच आकडा दिसतो, तरी सेन्सरने फार कमी दाखवलं की तो बोटाचं बघून खात्री करतो. रविवारी येतोय. दोन पट्ट्या त्याच्यासाठी राखून ठेवल्या आहेत, आणि हिरव्या चिकटपट्टीचं त्याचं पेन पुसून डब्यात घातलं आहे.